घरावरील सिमेंटचे पत्रे व आपला श्वास



आजच्या भाषणाचा विषय अक्षरशः आपल्या डोक्यावरचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, कोणत्याहि खेड्यांत जा. शाळेची एखादी जुनी खोली, गुरांचा गोठा, कोंबड्यांची शेड, न्हाणीघर किंवा दुकानापुढची पडवी, यांपैकीं कोठें ना कोठें करड्या रंगाचा, पन्हळीचा सिमेंटचा पत्रा आपल्या दृष्टीस पडतोच. आपण त्यास ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतों. पण त्यांत सिमेंटाबरोबर आणखी एक पदार्थ असतो आणि त्याचें नांव अ‍ॅस्बेस्टॉस. या पदार्थानें जगांत लक्षावधि माणसांचीं फुप्फुसें निकामी केलीं आहेत. तेव्हां ज्याच्या सांवलींत आपण वावरतों, तो पत्रा कितपत भ्यावयाचा आणि कितपत नाहीं, याचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

हा विचार करतांना मी हिवरे बाजार हें गांव डोळ्यांसमोर ठेवणार आहें. तें तेथें कांहीं अनर्थ घडला म्हणून नव्हे. तर सार्वजनिक प्रश्न ग्रामसभेपुढें मांडावयाचा आणि त्याचा हिशेब ठेवावयाचा, ही रीत त्या गांवानें महाराष्ट्रास घालून दिली म्हणून. त्या रीतीकडे मी शेवटीं वळेन.

प्रथम हा पत्रा आपल्या घरावर आला कसा तें पाहूं. आपल्या भागांतील जुनें घर म्हणजे दगडमातीच्या भिंतींचें, धाब्याचें घर. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर काटक्यांचा व पाल्याचा थर, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचें माळवद. तें घर उन्हाळ्यांत थंड आणि हिंवाळ्यांत उबदार असे. परंतु दरवर्षीं मृगापूर्वीं माळवदावर नवी माती घालून ती बडवून घट्ट करावी लागे. एक वर्ष हयगय झाली कीं पावसाळ्यांत घरभर भांडीं मांडण्याचा प्रसंग येई. पुढें डोंगर उघडे पडले, तुळईजोगें लांकूड दुर्मिळ झालें, आणि लोकांची नजर पत्र्याकडे वळली. लोखंडी पत्रा उन्हांत तापतो, पावसांत वाजतो आणि कालांतरानें गंजतो. सिमेंटच्या पत्र्यांत हे दोष कमी. तो गंजत नाहीं, त्यास वाळवी लागत नाहीं, आग लागत नाहीं, आणि किंमतहि बेताची. गरिबाच्या घरावर तो आला तो कोणाच्या फसवणुकीनें आला असें नाहीं. तो खरोखरच सोयीचा होता. म्हणूनच त्याच्याविषयीं बोलतांना गरिबास दोष देण्याचें कारण नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यानें सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु पाण्यांत कालवून त्याचे पातळ व मजबूत पत्रे करण्याची युक्ति काढली, आणि ती पाहतां पाहतां जगभर पसरली. आपल्याकडेहि मुंबईजवळ मुलुंड येथें स्वातंत्र्यापूर्वींच असे पत्रे होऊं लागले होते. मातींत जशी आपण तूस किंवा पेंढा मिसळतों, तसेंच हें. नुसतें सिमेंट तडकतें. तंतूंनीं तें एकमेकांस धरून राहतें. पत्र्यांत शेंकडा दहाच्या आसपास अ‍ॅस्बेस्टॉस असतें, बाकीचें बहुतेक सिमेंट.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच आहे; पण कापसासारखे पिंजतां येणारे तंतु असलेला दगड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारें’ असा आहे. तो जळत नाहीं, आम्लांनीं सहसा झिजत नाहीं, आणि त्याचें सूत काढून कापडहि विणतां येतें. ज्यांनीं जुन्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेंत पाणी उकळलें असेल, त्यांस चंचुपात्राखालची तारेची जाळी आठवत असेल. तिच्या मधोमध जो पांढरा गोल थर असे, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. बॉयलरांच्या आवरणांत, वाफेच्या नळ्यांभोंवतीं, मोटारींच्या ब्रेकांत, आगगाडीच्या डब्यांत, पाणीपुरवठ्याच्या नळांत, सर्वत्र त्याचा शिरकाव झाला. पांढरें, तपकिरी आणि निळें असे त्याचे मुख्य प्रकार व्यापारांत प्रसिद्ध आहेत. आपल्या पत्र्यांत मुख्यतः पांढरें असतें. निळें सर्वांत अधिक घातक समजतात. तथापि पांढरें निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सर्वच प्रकार मनुष्यास कर्करोगकारक ठरविले आहेत.

आतां अपाय होतो तो कसा? अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतु लांबीच्या दिशेनें चिरत जातो. केंसाची जाडी घ्या. तिच्याहून कितीतरी पटींनीं बारीक होईपर्यंत तो चिरतो. असा तंतु डोळ्यांस दिसत नाहीं, नाकास झोंबत नाहीं, आणि हवेंत तासन्‌तास तरंगत राहतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदीं तळाशीं जातो. तेथें शरीराचे रक्षक पेशी त्यास गिळूं पाहतात. परंतु तंतु त्यांच्याहून लांब असल्यामुळें तो गिळला जात नाहीं, आणि दगडाचा असल्यामुळें विरघळतहि नाहीं. या झटापटींतून फुप्फुसांत वण पडत जातात, फुप्फुस ताठर होतें, आणि मनुष्यास दम लागूं लागतो. या रोगास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. दुसरा रोग फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा, फुप्फुसाच्या बाहेरील आवरणाचा कर्करोग. त्याचें नांव मेसोथेलिओमा. हा एरवीं फार विरळा, पण अ‍ॅस्बेस्टॉसशीं त्याचें नातें अतिशय निकट.

या रोगांचा सर्वांत कपटी गुण म्हणजे त्यांचा विलंब. विंचू चावला तर त्याच क्षणीं कळतें. येथें धूळ घेतली जाते विसाव्या वर्षीं आणि रोग दिसतो चाळिसाव्या किंवा साठाव्या वर्षीं. तोंवर कारखाना बदललेला असतो, मुकादम निवर्तलेला असतो, आणि खुद्द रोग्यासहि आपण कधीं काळीं काय श्वासांत घेतलें याची आठवण उरलेली नसते. शिवाय विडी-सिगारेट ओढणारास अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ मिळाली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता मिळविला जात नाहीं, तो गुणिला जातो.

हें ज्ञान जगास फार महाग पडलें आहे. इंग्लंडांत रॉकडेल येथील गिरणींत अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत कातणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ सालीं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं वारली. डॉक्टर कुक यांनीं तिचें फुप्फुस तपासून त्यांतील वण व खनिजकण यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९३० सालीं मेरीवेदर व प्राइस यांनीं कामगारांची पाहणी करून सरकारास अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत धुळीविरुद्ध नियम झाले. १९५५ सालीं रिचर्ड डॉल यांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध आंकड्यांनीं दाखविला. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंत वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलुखांतील मेसोथेलिओमाचे रोगी नोंदविले. त्यांत केवळ खाणकामगारच नव्हते. ज्यांनीं खाणींत कधीं पाऊलहि टाकलें नव्हतें, केवळ त्या परिसरांत ज्यांचें बालपण गेलें होतें, अशींहि माणसें होतीं. कामगारांचे धुळीनें माखलेले कपडे घरीं धुणाऱ्या स्त्रियांसहि हा रोग झाल्याचें पुढें दिसून आलें. म्हणजे हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशीं थांबत नाहीं. तो धुण्याच्या गांठोड्यांतून घरांत येतो.

परदेशांत तर तो घराच्या छतांतच बसविलेला आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलेंबाळें आज इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक आहेत. तेथील जुन्या घरांत छताच्या आंतल्या बाजूस खरखरीत, दाणेदार किंवा नक्षीदार लेप दिलेला आढळतो. अमेरिकेंत लाह्यांसारख्या दिसणाऱ्या त्या छतास मक्याच्या लाह्यांचेंच नांव पडलें आहे. इंग्लंडांत अशा लेपास आर्टेक्स म्हणतात. त्या काळच्या पुष्कळशा लेपांत अ‍ॅस्बेस्टॉस घालीत असत. अमेरिकेंत १९७३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या फवारणीवर निर्बंध आले आणि १९७८ सालीं ते शोभेच्या फवाऱ्यासहि लागू झाले. इंग्लंडांत निळ्या व तपकिरी प्रकारांवर १९८५ सालीं, आणि पांढऱ्यावर १९९९ सालीं बंदी आली. परंतु बंदी नव्या मालास असते. जुनें छत जागच्या जागीं राहतें. तेव्हां असें जुनें घर विकत घेणाऱ्या आपल्या मुलास एवढेंच कळवावें कीं, “बाबा, तें छत हौसेनें खरवडूं नकोस. खिळा ठोकण्यापूर्वीं, दिव्यासाठीं भोंक पाडण्यापूर्वीं, त्याचा नमुना जाणत्या माणसाकडून प्रयोगशाळेंत तपासून घे.” न दुखावलेलें छत सहसा त्रास देत नाहीं, कोरडें खरवडलेलें छत मात्र एका दुपारींत घरभर तंतु पसरवितें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आज जगांतील साठांहून अधिक देशांनीं अ‍ॅस्बेस्टॉस वर्ज्य केलें आहे. भारतांत पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर कायदेशीर आहे, आणि त्याचा कच्चा माल आपण मुख्यतः परदेशांतून आणतों. याचे परिणाम आपल्या महाराष्ट्रांतहि दिसले आहेत. मुंबईंतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणींतील कामगारांची तपासणी डॉक्टरांनीं केली, तेव्हां तपासलेल्या पांच कामगारांमागें एकाहून अधिकांस अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचें आढळलें. ही पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली.

त्यापूर्वींच, २७ जानेवारी १९९५ या दिवशीं, सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निर्णय दिला होता. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्रानें अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या वतीनें अर्ज केला होता. कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें सांगितलें. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षें, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षें, यांतील जी मुदत मागाहून संपेल तोंपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. आणि राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या तपासणींत जो कामगार रोगग्रस्त ठरेल, त्यास एक लाख रुपये भरपाई देवविली. चाळीस वर्षांच्या नोंदीचें मर्म श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. रोग जर चाळीस वर्षें वाट पाहतो, तर कागदानेंहि तितकीं वर्षें वाट पाहिली पाहिजे.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. ही नोंद कारखान्यांतील कामगाराची. जो गवंडी खेड्यांत करवतीनें पत्रा कापतो, जो मजूर जुनें छप्पर उतरवून पत्रे घणानें फोडतो, जी बाई त्याचा चुरा खराट्यानें झाडते, त्यांची नोंद कोण ठेवतो? त्यांचा मालक एका दिवसाचा असतो. चाळीस वर्षांनीं खोकला सुरू झाला तर डॉक्टर विडीस दोष देतील, नाहीं तर क्षयाची शंका घेतील. पत्र्याची आठवण कोणासहि होणार नाहीं. पत्र्याखालीं निजणारापेक्षां पत्र्यावर काम करणाराचा धोका पुष्कळच मोठा आहे, आणि त्याच्यासाठींच हें भाषण अधिक आहे.

तेव्हां व्यवहारांत काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, घाबरूं नये. धड असलेल्या पत्र्यांतील तंतु सिमेंटानें घट्ट धरलेले असतात. असा पत्रा डोक्यावर आहे एवढ्यानें कोणी आजारी पडत नाहीं. उगाच घाई करून धडका पत्रा फोडून काढणें हें मात्र झोपलेल्या सापावर पाय देण्यासारखें आहे. नुसत्या डोळ्यांनीं अ‍ॅस्बेस्टॉस ओळखतां येत नाहीं; तें सूक्ष्मदर्शकाचें काम आहे. म्हणून जुना, करडा, ठोकला असतां लोखंडासारखा न वाजणारा, उन्हापावसानें काळवंडलेला व शेवाळलेला पत्रा हा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असें समजून वागावें.

दुसरी गोष्ट, धूळ होऊं देऊं नये. अशा पत्र्यास यंत्राच्या करवतीनें कापूं नये, भोंकें पाडूं नयेत, शेवाळ काढण्यासाठीं तो तारेच्या ब्रशानें घासूं नये. गारपिटीनें किंवा वावटळीनें पत्रा फुटला, तर त्यावर पाणी शिंपडून, तुकडे ओलेच उचलावेत. चुरा कोरडा झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा आणि तें फडकें तुकड्यांबरोबरच टाकून द्यावें. तोंडास बांधलेलें उपरणें किंवा रुमाल या तंतूंस अडवीत नाहीं. त्यासाठीं सूक्ष्म कण गाळणारी मुखपट्टी लागते. मुलांस तेथून दूर ठेवावें, कारण त्यांच्यापुढें वर्षें अधिक आहेत आणि हा रोग वर्षांवरच जगतो. कामाचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत; ते न झटकतां वेगळे, पाण्यांत बुडवून धुवावेत.

तिसरी गोष्ट श्वासाशीं संबंधित नाहीं, पण प्राणाशीं आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचा भार सोसत नाहीं. दुरुस्तीसाठीं वर चढलेला मनुष्य पत्र्यासकट खालीं येतो. वासे जेथें असतील त्यांवर आडवी भक्कम फळी टाकल्यावांचून, शक्य तर शिडीवरूनच काम केल्यावांचून, कोणीं वर जाऊं नये.

छपरावरून आलेलें पावसाचें पाणी प्यालें तर काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. पाण्याबरोबर पोटांत गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसनें अपाय होतो असा सुसंगत पुरावा नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. भय श्वासाचें आहे. तथापि पहिल्या पावसाचें पाणी वाहूं द्यावें, आणि पन्हळींत सांचलेला गाळ वाळून उडण्यापूर्वींच ओला काढून टाकावा.

छप्पर बदलावयाचेंच झालें तर पत्रे फोडून काढूं नयेत. हुक व बोल्ट सोडवून किंवा कापून, पत्रे ओले करून, अखंड खालीं उतरवावेत. वरून फेंकूं नयेत. उतरलेले पत्रे जाड प्लॅस्टिकमध्यें गुंडाळून ठेवावेत. आपल्याकडे अशा तुकड्यांची भर रस्त्याच्या खड्ड्यांत, गोठ्याच्या जमिनींत, बांधाच्या कडेस सर्रास टाकतात. चाकाखालीं व खुराखालीं त्याचें पीठ होतें, आणि जो धोका एका छपरावर बांधलेला होता तो गांवभर मोकळा होतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याविषयीं भारतीय मानक संस्थेनें १९८६ सालींच शिफारशी केल्या आहेत. पुणें जिल्ह्यांत रांजणगांव येथें उद्योगांतील घातक कचरा शास्त्रीय रीतीनें पुरण्याची सोय आहे. कारखान्याचा कचरा जर तेथवर जाऊं शकतो, तर खेड्यांतल्या फुटक्या पत्र्यांसहि तसा मार्ग मिळाला पाहिजे. एकटा शेतकरी चार पत्र्यांसाठीं ट्रक करूं शकणार नाहीं. तें काम तालुक्याचें व जिल्हा परिषदेचें आहे, आणि तें मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

येथें मला हिवरे बाजार आठवतो. १९७२ च्या दुष्काळानें होरपळलेलें, माणसें गांव सोडून चाललेलीं, अशी त्या गांवाची स्थिति होती. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें आदर्श गांव योजनेंत सामील होऊन गांवानें कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांसारखे नियम स्वतःवर घालून घेतले, श्रमदानानें चर खणले, शेतीसाठीं विंधनविहिरी वर्ज्य केल्या. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. पण माझ्या मतें त्या गांवाची खरी विद्या पाण्याच्या ताळेबंदांत आहे. पाऊस मोजावयाचा, पाणी किती मुरलें व किती उरलें याचा अंदाज ग्रामसभेपुढें ठेवावयाचा, आणि त्यावरून कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवावयाचें. जमिनीखालचें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. तरी त्याचा हिशेब होऊं शकतो, हें त्या गांवानें दाखवून दिलें.

हवेंतला तंतुहि डोळ्यांस दिसत नाहीं. मग त्याचाहि ताळेबंद कां होऊं नये? प्रत्येक गांवच्या ग्रामसभेनें एक साधी वही घालावी. कोणत्या घरावर, गोठ्यावर, शाळेवर सिमेंटचे किती पत्रे आहेत. ते धड आहेत कीं फुटके. ते केव्हां उतरविले, कोणीं उतरविले, आणि कोठें ठेविले, एवढेंच तींत लिहावें. शाळा व अंगणवाडी यांचे फुटके पत्रे सर्वांआधीं बदलावेत. सार्वजनिक पैशानें जें नवें छप्पर होईल त्यासाठीं कौलें, स्लॅब, लोखंडी पत्रा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसरहित पत्रा यांपैकींच निवड करावी असा ठराव करावा. म्हणजे निदान पुढच्या पिढीची वही कोरी राहील. आणि पत्रे उतरविणाऱ्या मजुरांचीं नांवें त्या वहींत अवश्य असावींत. न्यायालयानें कारखान्यांतील कामगारासाठीं चाळीस वर्षांची नोंद मागितली. आपल्या गांवच्या मजुरासाठीं ती आपणच ठेवूं शकतों. उद्यां त्यास दम लागला, तर डॉक्टरपुढें ठेवावयास त्याच्या हातीं एक कागद तरी असेल.

या वहीस खर्च म्हणून कांहीं नाहीं. मृगापूर्वीं आपण छपरें तपासतोंच. यंदा तीं तपासतांना एक पेन्सिल बरोबर घ्यावी, आणि फुटका पत्रा दिसला तर हातोडीपूर्वीं पाण्याची बादली आणावी, एवढीच माझी विनंति आहे.